महाडचा ठराव आणि गावातला पडदा

मोठ्या निर्मितीसंस्थेचे भांडवल आणि बाजाराची पूर्वअट या दोहोंपासून दूर राहून, दिग्दर्शकाच्या किंवा एखाद्या लहान गटाच्या निर्णयाने जो चित्रपट तयार होतो, त्याला सामान्यतः स्वतंत्र चित्रपट म्हटले जाते. डिजिटल कॅमेरा आणि संगणकावरील संकलन आवाक्यात आल्यापासून असा चित्रपट तयार करणे पूर्वीइतके दुष्कर राहिलेले नाही; दुष्कर आहे ते वितरण, म्हणजे तयार चित्रपट चित्रपटगृहांपर्यंत आणि तेथून प्रेक्षकांपर्यंत पोहोचवण्याचे काम, कारण चित्रपटगृहातील खेळांच्या वेळा अखेर पैशाच्या बळावर ठरतात.

महाड आणि पोलादपूर या दक्षिण रायगडातील तालुक्यांना असलेले आणि मिळालेले यांतील अंतर चांगले ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात संमत झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे ठरवले, परंतु २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रहींसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले तेव्हा कोठे त्या ठरावाला अर्थ आला. पाण्यावाचून जगणे आणि चित्रपटावाचून राहणे यांची बरोबरी अर्थातच होऊ शकत नाही. तरीही जे सार्वजनिक म्हणून जाहीर झाले ते लोकांनी प्रत्यक्ष वापरल्याशिवाय सार्वजनिक होत नाही, हे चित्रपटालाही लागू पडते. या सत्याग्रहाचे प्रसंग पडद्यावर आणणारा डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट याचे बोलके उदाहरण आहे. तो स्वतंत्र नव्हता, त्याला शासकीय अर्थसाहाय्य लाभले होते. मूळ इंग्रजीत असलेल्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, मामूट्टी यांच्या अभिनयाचा गौरव झाला, तरी त्याची तमिळ आवृत्ती चित्रपटगृहांत येण्यास २०१० साल उजाडावे लागले.

याच्या उलट वाट आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाची आहे. माहितीपट म्हणजे कल्पित कथेऐवजी प्रत्यक्ष घटना आणि माणसे यांच्या चित्रणातून आकार घेणारा चित्रपट. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून सुरू झालेले हे काम चौदा वर्षे चालले. तीन तासांहून लांब असलेला हा माहितीपट मुंबईतील वस्त्यांमध्ये दाखवला गेला. ज्यांची गाणी त्यात आहेत त्यांच्यासमोरच तो प्रथम तपासला जावा, हा आग्रह चित्रपटाच्या आशयाइतकाच मोलाचा मानला पाहिजे.

पैशाचा प्रश्नही लोकांनी अनेकदा आपल्या पद्धतीने सोडवला आहे. गुजरातमधील सुमारे पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) उभा राहिला. केरळमध्ये जॉन अब्राहम आणि ओडेसा या गटाने गावोगाव चित्रपट दाखवत वर्गणी गोळा केली आणि त्यातून ‘अम्मा अरियान’ (१९८६) साकारला. महाराष्ट्रात मालेगावच्या नासिर शेख यांनी यंत्रमागाच्या गावातील हौशी कलावंतांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ तयार केला. पोलादपूरच्या खोऱ्यांतील गावांना हा मार्ग परका नाही, कारण मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या ग्रामस्थ मंडळांनी वर्गणीतूनच गावची कामे उभी केली आहेत.

तयार चित्रपट दाखवण्याची एक वाट महोत्सवाची आहे. महोत्सव म्हणजे ठरावीक दिवसांत निवडक चित्रपटांचे सलग प्रदर्शन आणि त्यावरील चर्चा. मुंबईत माहितीपट आणि लघुपटांचा महोत्सव १९९० पासून, तर पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००२ पासून भरतो. त्यापूर्वी असे चित्रपट पाहण्याची भूक फिल्म सोसायट्या भागवत असत. फिल्म सोसायटी म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालणारे, चित्रपट पाहून त्यावर बोलणारे मंडळ. अशा मंडळांचा देशव्यापी महासंघ १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाला आणि मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. महाडसारख्या गावाला मोठ्या शहराच्या महोत्सवापेक्षा हे मंडळच अधिक जवळचे वाटावे, कारण त्याला एक सभागृह, एक प्रक्षेपक आणि बोलायला तयार असलेली माणसे एवढेच लागते. प्रमाणपत्र नसलेला चित्रपट जाहीरपणे दाखवायचा असेल तर मात्र आयोजकांना केंद्र सरकारकडून सूट घ्यावी लागते. सभागृह महाडच्या आंबेडकर राष्ट्रीय स्मारकात आहे. जवळच माणगाव तालुक्यातील वडघर येथे साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे, आणि ज्यांच्या ‘श्यामची आई’वरील आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले त्या लेखकाच्या नावाच्या परिसरात चित्रपट दाखवणे औचित्याचेच ठरेल.

दाखवण्याजोगे येथेच पुष्कळ आहे. २ ऑगस्ट २०१६ रोजी सावित्री नदीवरील जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर बुडाले आणि तळिये, तसेच पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. पुराच्या पाण्याची कितीतरी दृश्ये लोकांनी मोबाइलवर टिपली. ती जमवणे, त्यांवर तारीख आणि ठिकाण लिहून ठेवणे आणि दुःख भोगलेल्यांच्या संमतीने त्यांतून एक माहितीपट रचणे, हे काम बाहेरून आलेल्या वार्ताहरापेक्षा तेथील तरुणांनाच अधिक साधेल. पावसाळ्यात उघड्यावरचा पडदा टिकत नाही. परंतु शिमग्याला चाकरमानी गावी येतात, त्याच सुमारास २० मार्चसाठी चवदार तळ्यावर दूरदूरहून लोक जमतात, आणि तोवर कोकणातली रात्र पडदा बांधण्याइतकी कोरडी झालेली असते.