वसतिगृहातील कक्षरचना

महाविद्यालयीन वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या खोल्या, त्यांना जोडणारे मार्ग आणि स्नानगृह, बैठकीची खोली यांसारख्या सामाईक जागा यांची परस्परसापेक्ष मांडणी. एका खोलीत किती जणांनी व कोणी कोणाबरोबर राहावे, यासंबंधीचे नियमही व्यवहारात तिचाच भाग ठरतात. या मांडणीचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. मार्गिका पद्धतीत लांब मार्गिकेच्या एका किंवा दोन्ही बाजूंना ओळीने खोल्या असून स्नानगृहे मजल्यावरील सर्वांसाठी मिळून असतात. जिना पद्धतीत प्रत्येक जिन्यावर मोजक्याच खोल्या उघडतात. शेजारच्या जिन्यावर जावयाचे, तर बहुधा खाली अंगणात उतरावे लागते. खोलीसंच पद्धतीत दोन-तीन शयनकक्ष, एक बैठकीची खोली व स्नानगृह मिळून एक बंदिस्त संच होतो आणि तो साधारणतः चार ते सहा विद्यार्थ्यांना एकत्र दिला जातो.

इतिहास : ऑक्सफर्ड येथील न्यू कॉलेजमध्ये (स्थापना १३७९) तीन-चार जण एका मोठ्या दालनात झोपत, मात्र दालनाच्या खिडक्यांलगत आडोसे घालून केलेली छोटी अभ्यासिका प्रत्येकास स्वतंत्र मिळे. दालनातील एका ज्येष्ठ सदस्याने इतरांवर देखरेख ठेवावी, असा नियम होता. झोप सर्वांसमवेत आणि अभ्यास एकान्तात, ही मांडणी आधुनिक खोलीसंचाच्या नेमकी उलट होय. पुढील काळात ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे एका विद्यार्थ्यास बैठकीची खोली व शयनकक्ष असा जोड देण्याची प्रथा पडली. अशा जोडास एकापुढे एक दोन दारे असत. बाहेरचे जाड दार लावलेले दिसले, की आतील विद्यार्थी कोणाच्याही भेटीस राजी नाही, असे समजून पाहुणा परत फिरे. एकान्ताचा हक्क इतक्या सोप्या रीतीने मान्य करणारी दुसरी व्यवस्था क्वचितच आढळेल.

अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धनिकांची मुले खाजगी मालकीच्या सुखसोयीयुक्त इमारतींत, तर सामान्य स्थितीतील विद्यार्थी विद्यापीठाच्या जुन्या, गैरसोयीच्या इमारतींत राहत. ही दरी बुजविण्याच्या हेतूने अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून ‘हाउस’ पद्धती सुरू केली. पहिली दोन गृहे १९३० मध्ये उघडली. त्यांत जिना पद्धती आणि खोलीसंच यांचा मेळ घातलेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढली आणि बांधण्यास स्वस्त व देखरेखीस सोपी असलेली मार्गिका पद्धतीच बहुतेक ठिकाणी स्वीकारली गेली. रेक्टरला मार्गिकेच्या टोकाशी उभे राहून सर्व दारे दिसतात, हा तिचा गुण. प्रत्येक विद्यार्थ्याला सतत सर्वांच्या दृष्टीस पडावे लागते, हा तिचा दोष.

गर्दीचा प्रश्न : वसतिगृहात दाटी आहे किंवा नाही, हे पूर्वी दरडोई चौरस फुटांवरून ठरविले जाई. अँड्र्यू बॉम व स्टुअर्ट व्हॅलिन्स या मानसशास्त्रज्ञांच्या १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही समजूत अपुरी ठरविली. त्यांनी अभ्यासिलेल्या दोन प्रकारच्या वसतिगृहांत दरडोई जागा जवळजवळ सारखीच होती. एका प्रकारात मात्र मजल्यावरील सुमारे ३४ विद्यार्थी एकच मार्गिका व स्नानगृह वापरीत, तर दुसऱ्यात खोलीसंचातील चार ते सहा जण. मार्गिकेतील विद्यार्थ्यांना दाटी अधिक जाणवली. इतकेच नव्हे, तर वसतिगृहाबाहेरही ते अनोळखी व्यक्तीपासून दूर बसत व नजर टाळीत. कोणाची गाठ केव्हा पडावी यावर आपला ताबा नाही, ही भावना त्याच्या मुळाशी असल्याचे अनुमान काढण्यात आले. बॉम व ग्लेन डेव्हिस यांनी १९८० मध्ये याची उलट बाजूने पडताळणी केली. सुमारे ४० विद्यार्थ्यांच्या एका लांब मार्गिकेच्या मध्यावर दारे बसवून त्यांनी तिचे सुमारे २० जणांचे दोन भाग पाडले. तेवढ्याने तेथील रहिवाशांची दाटीची तक्रार घटली व परस्परांतील मैत्री वाढली. दोघांच्या खोलीत तिसरी खाट टाकणे हा भारतातही परिचित असलेला उपाय मात्र महागात पडतो. अशा खोलीत बहुधा दोघांची जोडी जमते व तिसरा एकटा पडतो, असे १९८१ मधील एका अभ्यासात दिसून आले.

वास्तुशिल्पींनी मार्गिकेला अन्य मार्गांनीही पर्याय शोधले. अहमदाबाद येथील भारतीय प्रबंध संस्थेच्या वसतिगृहांत लुई कान यांनी मार्गिका जाणीवपूर्वक टाळली आणि दहा-दहा खोल्या एक जिना व चहापानाची जागा यांभोवती गुंफल्या. याउलट, सँता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठासाठी धनिक चार्ल्स मंगर यांनी पुरस्कारिलेल्या सुमारे ४,५०० विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात प्रत्येकास स्वतंत्र, पण बहुतांशी बिनखिडकीचा शयनकक्ष देऊन आठ-आठ कक्षांचे संच योजिले होते. त्याच्या निषेधार्थ एका सल्लागार वास्तुशिल्पीने २०२१ मध्ये राजीनामा दिला. २०२३ मध्ये विद्यापीठाने योजना सोडून दिली. स्वतंत्र खोली मिळाली, की प्रश्न सुटला, असे मानण्यातील उणीव या वादात उघड झाली.

सहनिवाशांची निवड : कोणाला कोणाबरोबर ठेवावे, हा प्रश्न भिंतींच्या प्रश्नाइतकाच नाजूक आहे. समतेसाठी हाउस पद्धती आणणाऱ्या लोवेल यांनीच त्यापूर्वी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रथम वर्षाच्या वसतिगृहांत प्रवेश नाकारला होता. १९२३ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने तो निर्णय फिरविला. कोल्हापुरात सर्वांसाठी असलेल्या वसतिगृहाचा लाभ मुख्यतः उच्चवर्णीयांनाच मिळतो, असा अनुभव आल्यावर राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढविली. भाऊराव पाटील यांनी सातारा येथे १९२४ मध्ये सुरू केलेल्या वसतिगृहात मात्र सर्व जातींची मुले एकत्र राहत व जेवत. दोहोंचा हेतू शिक्षणप्रसाराचाच होता. आधी प्रवेश की आधी सहवास, एवढाच त्यांतील फरक.

सहवासाचा परिणाम मोजण्याचा एक प्रयत्न अर्थशास्त्रज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात नवागतांकडून धूम्रपान, जागरण, टापटीप यांविषयीची जुजबी माहिती घेऊन पुढील जोडी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे लावली जाई, त्यामुळे तुलना शक्य झाली. एकाच खोलीत राहणाऱ्यांच्या पहिल्या वर्षाच्या गुणांवर व विद्यार्थिमंडळांत सामील होण्याच्या निर्णयावर परस्परांचा प्रभाव पडलेला दिसला. मुख्य विषयाच्या निवडीवर मात्र तो आढळला नाही.