खाच, कुसू आणि आठ मिलिमीटर

बोटाच्या पेराएवढी खुर्ची: उंच पाठ, दोन हात, रंग लाकडी तपकिरी. लेगोच्या चार सेंटिमीटर उंच सरदाराची ही बैठक. मध्ययुगीन युरोपातल्या मोठ्या दालनात हात असलेली खुर्ची बहुधा यजमानाच्याच वाट्याला येई. बाकीची मंडळी बाकांवर आणि पेटाऱ्यांवर बसत. ठोकळ्यांतून किल्ला उभारणारे हौशी कारागीर हा मान आतल्या सामानातही जपतात.

लेगोचा पहिला किल्ला १९७८ चा, पिवळा. त्याच वर्षी हातपाय हलणारी छोटी माणसंही आली. २०२१ च्या लोहाराच्या घरात खाली भट्टी, वर स्वयंपाकघर आणि माळ्यावर निजायची खोली आहे. ती कल्पना मुळात एका चाहत्याची.

असं सामान घडवताना खरी कसोटी मापांची. दोन खुंट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ आणि पातळ पट्टीची ३.२. पाच पट्ट्या एकावर एक रचल्या की १६ मिलिमीटर होतात, म्हणजे नेमकी दोन खुंट्यांची रुंदी. या हिशेबामुळे ठोकळा आडवा करूनही चपखल बसतो आणि खुर्चीची पाठ गुळगुळीत दिसते. गोल ठोकळे आणि शंकू आलटून पालटून रचले, की पलंगाचे खांब थेट चरकावर कातल्यासारखे वाटतात. हे पाहताना हाताला रंध्याची आठवण व्हावी, इतकं ते लाकडाच्या जवळ जातं.

अडचण येते ती माणसाच्या गुडघ्यांची. ते वाकतच नाहीत. बसलेल्या सरदाराचे पाय सरळ पुढे येतात, म्हणून मेजाखाली मोकळी जागा ठेवावी लागते.

सुतारकी या खेळण्याच्या मुळातच आहे. लेगोचा संस्थापक ओल कर्क क्रिस्टियनसेन हा डेन्मार्कमधल्या बिलुंडचा सुतार. १९३२ पासून तो लाकडी खेळणी करू लागला. खाचेत कुसू घट्ट बसावं, तशी खुंटी खालच्या नळ्यांमध्ये धरून ठेवणाऱ्या ठोकळ्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं. ना डिंक, ना खिळा.

जेवणाचं मेज मात्र जाणकार कारागीर मुद्दाम सुटं ठेवतात. मध्ययुगात लाकडी घोड्यांवर फळ्या टाकून पंगत बसे आणि जेवणं आटोपली की सगळं उचलून भिंतीशी लावत. ठोकळ्यांची फळीही तशीच नुसती टेकवलेली असते, खुंटीत दाबलेली नाही.