सव्वा लाख ओव्या लिहिल्या, पण वाचक किती? जाणून घ्या अंबाजोगाईच्या दासोपंतांची गोष्ट

बीड : ग्रंथ लिहिणं लेखकाच्या हातात असतं, त्याला वाचक मिळणं मात्र भाग्याचं. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१-१६१५) हे याचं ठळक उदाहरण.

दासोपंतांनी किती लिहिलं?
'गीतार्णव' ही त्यांची भगवद्गीतेवरील टीका. परंपरेनुसार तिच्या ओव्या सव्वा लाख! त्यांची 'पासोडी' तर कापडावर लिहिलेली आहे. लांबी सुमारे ४० फूट, रुंदी सुमारे ४ फूट.

मग वाचक का कमी पडले?
तेव्हा मराठीत छापखाना नव्हता. कुणी हाताने नक्कल केली तरच ग्रंथ पुढच्या गावी पोहोचायचा. आता हिशेब करा. रोज १०० ओव्या उतरवल्या, तर सुमारे ९ हजार ओव्यांची ज्ञानेश्वरी तीन महिन्यांत पूर्ण होते. गीतार्णवाला जवळपास साडेतीन वर्षं लागतात.

ज्ञानेश्वरीचं भाग्य कोणतं?
तिला एकनाथांसारखा वाचक मिळाला. दासोपंतांचे समकालीन असलेल्या नाथांनी नकलांमध्ये शिरलेले चुकीचे पाठ दूर करून १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. खुद्द ज्ञानेश्वरांनीही ग्रंथात श्रोत्यांची थोरवी वारंवार गायली आहे.

यातून काय कळतं?
वाचक ग्रंथ नुसता वाचत नाही, तो पुढे नेतो. पासोडी अंबाजोगाईत जपली गेली, म्हणून दासोपंतांची अक्षरं ४०० वर्षांनंतरही पाहता येतात. मात्र पाहणारे पुष्कळ, वाचणारे आजही मोजकेच.