शहर कुठे वसवावे?

‘सिव्हिलायझेशन ६’ (२०१६) या आळीपाळीने खेळायच्या खेळाचे नियम आणि गोव्यातल्या मांडवीकाठचे दाखले

■ पाणी : गोड्या पाण्यालगतच्या शहराची निवासक्षमता ५ पासून सुरू होते. समुद्रकाठी ती ३, इतरत्र २. गोव्यात कदंब राजांचे गोपकपट्टण जुवारीकाठी भरभराटले. बंदर गाळाने भरल्यावर व्यापार मांडवीकाठच्या एला (जुने गोवे) येथे गेला.

■ अंतर : दोन शहरांत नकाशावरचे किमान ३ षटकोन मोकळे लागतात. प्रत्येक शहराला ३ षटकोनांपर्यंतची जमीन कसता येते. केंद्रांमध्ये ७ षटकोनांचे अंतर ठेवले, तर जमिनीवरून ओढाताण होत नाही. अनुभवी खेळाडू मात्र ४-५ अंतरावरच शहरे वसवतात. जागा वाया जात नाही आणि एकूण शहरेही वाढतात.

■ सीमा : २०१८च्या ‘राइझ अँड फॉल’ या विस्तारात ९ षटकोनांच्या आतली परकी लोकसंख्या शहराच्या निष्ठेवर दबाव टाकते. गोव्यातही सत्तेची सीमा अशीच जवळ होती. १६व्या शतकात पोर्तुगीजांनी मांडवीतल्या दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे मंदिर पाडले. देव नदीपलीकडे, त्यांच्या सत्तेबाहेरच्या डिचोलीतल्या नार्वे गावात गेला. तेथील मंदिराचा शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला. डिचोली पोर्तुगीजांच्या हाती कायमची गेली ती १७८१ मध्ये.

■ फेरविचार : खेळात वसवलेले शहर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. गोव्यात मात्र राजधानी हलली : रोगराईने जुने गोवे ओस पडले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.