तोरेव्येहातलं दोन खोल्यांचं घर

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर, अलिकांते प्रांतात तोरेव्येहा नावाचं गाव आहे. गावाच्या मागे दोन मोठी खारी सरोवरं आहेत आणि त्यातल्या एकाचं पाणी चक्क गुलाबी दिसतं. एकेकाळी मासेमारी आणि मिठागरं यांवर जगणाऱ्या या गावात आज इंग्रजी, रशियन, स्वीडिश, नॉर्वेजियन अशा अनेक भाषा सहज कानावर पडतात. कारण इथल्या इमारतींमधल्या छोट्या सदनिका गेली काही दशकं उत्तर युरोपातली माणसं विकत घेत आली आहेत. हे सगळे श्रीमंत नाहीत. बरेच जण नोकरीतून निवृत्त झालेले, पुंजी जपून वापरणारे. दोन खोल्या, एक गच्ची, चालत जाता येईल इतका जवळ समुद्र आणि हिवाळ्यातलं ऊन, एवढीच त्यांची अपेक्षा.

ती वाजवी आहे आणि बहुतेकांची पूर्णही होते. मात्र फसगत झालीच, तर तिचा सर्वांत मोठा फटका याच वर्गाला बसतो. धनाढ्याचं एक घर बुडालं तरी त्याचं दुसरं असतं. इथे मात्र आयुष्यभराची बचत एकाच ठिकाणी गुंतलेली असते.

सर्वांत आधी किमतीचा हिशेब. जाहिरातीत १ लाख युरो लिहिलेलं घर १ लाखात पडत नाही. जुन्या घराच्या खरेदीवर हस्तांतरण कर लागतो आणि त्याचा दर प्रदेशागणिक बदलतो. अंदालुसियात तो ७ टक्के आहे, तर तोरेव्येहा ज्या व्हॅलेन्सिया प्रदेशात येतं तिथे तो बरीच वर्षं १० टक्के होता. नव्या घरावर १० टक्के मूल्यवर्धित कर आणि वर मुद्रांक शुल्क. त्यात नोटरी, नोंदणी आणि वकिलाची फी मिळवली की किमतीच्या बारा-तेरा टक्के रक्कम वेगळी हाताशी ठेवावी लागते.

स्पेनमध्ये नोटरीला मोठा मान आहे. तो सरकारने नेमलेला कायदेपंडित असतो आणि खरेदीखत त्याच्यासमोरच होतं. त्यामुळे अनेक परदेशी ग्राहकांना वाटतं, की नोटरीने पाहिलं म्हणजे सगळं तपासून झालं. हा समज घातक आहे. दस्त कायद्यानुसार झाला का, हे नोटरी बघतो. बांधकामाला रीतसर परवानगी होती का, जमीन शेतीची की रहिवासी वापराची, याचा शोध ग्राहकाच्या वकिलालाच घ्यावा लागतो. आपल्याकडे सातबारा काढतात तसा तिथे नोंदणी कार्यालयातून ‘नोता सिम्प्ले’ हा उतारा अगदी थोड्या पैशांत मिळतो. मालक कोण, घरावर कर्जाचा बोजा आहे का, हे त्यात कळतं. सोसायटीची थकबाकी मात्र त्यात दिसेलच असं नाही. आणि कायद्यानुसार चालू वर्षाची व त्यामागच्या तीन वर्षांची थकबाकी घराबरोबर नव्या मालकाकडे येते.

परवानगी तपासली नाही तर काय होतं, हे दाखवणारी घटना अल्मेरिया प्रांतातल्या वेरा गावी घडली. एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याने नगरपालिकेचा परवाना घेऊन घर बांधलं होतं. प्रादेशिक सरकारने त्या परवान्यालाच न्यायालयात आव्हान दिलं, तो रद्द ठरला आणि जानेवारी २००८ मध्ये यंत्रांनी ते घर जमीनदोस्त केलं. दोघे नंतर त्याच जागेवरच्या गॅरेजमध्ये राहिले. परवाना देणारी यंत्रणा चुकली आणि छप्पर गेलं ते निष्पाप माणसांचं, याची चीड यावी अशीच ही गोष्ट आहे. अंदालुसियात अशा बेकायदा ठरलेल्या घरांचे मालक संघटित झाले, त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१५ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. प्रामाणिकपणे घर घेतलेल्याच्या भरपाईची हमी मिळाल्यावरच पाडकाम करावं, अशी अट आता न्यायाधीश घालू शकतात.

समुद्राच्या अगदी कडेचं घर म्हणजे आणखी एक गुंता. १९८८ च्या किनारा कायद्याने वाळूचा पट्टा सार्वजनिक मालमत्ता ठरवला. त्या हद्दीत आलेल्या जुन्या घरांच्या मालकांची मालकी संपून हाती मुदतीचा वापरहक्क उरला. २०१३ च्या दुरुस्तीने ही मुदत ७५ वर्षांपर्यंत नेता येऊ लागली. तरीही, किनाऱ्यावरचं घर संशयास्पद स्वस्त मिळत असेल, तर हद्दीचा नकाशा आधी मागवावा.

घर झालं, पण राहता किती येतं? ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश नागरिकांना निवास परवान्याशिवाय कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. सबंध हिवाळा तिथे काढण्याची अनेकांची सवय त्यामुळे मोडली. घराची मालकी म्हणजे राहण्याचा हक्क नव्हे. ५ लाख युरोंच्या घरावर मिळणारा ‘गोल्डन व्हिसा’ही स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये बंद केला.

घर कुलूपबंद ठेवलं तरी कर चुकत नाही. स्थानिक घरपट्टी तर आहेच, शिवाय अनिवासी मालकाला घरातून काही उत्पन्न मिळालं असं गृहीत धरलं जातं. सरकारी मूल्य ५०,००० युरो असेल आणि १.१ टक्क्याचा दर लागू असेल, तर मानलेलं उत्पन्न ५५० युरो. युरोपीय संघाबाहेरच्या मालकाला त्यावर २४ टक्के, म्हणजे १३२ युरो. रक्कम लहान आहे, पण विवरणपत्र दरवर्षी भरायचं. पर्यटकांना भाड्याने देऊन खर्च काढू म्हणावं, तर एप्रिल २०२५ पासून त्यासाठी सोसायटीच्या तीन पंचमांश सभासदांची संमती लागते.

या नियमांमागे स्थानिकांची खरी वेदना आहे. कॅनरी बेटं, मायोर्का, बार्सिलोना इथे २०२४ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, कारण तिथल्याच तरुणांना घरभाडं परवडेनासं झालं होतं. पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय संघाबाहेरच्या अनिवासी खरेदीदारांवर १०० टक्क्यांपर्यंत कराचा प्रस्ताव मांडला. गोव्यातल्या वाचकाला हे नवखं वाटणार नाही. तिथेही जमिनीच्या वाढत्या भावांची धग गावकऱ्यांनाच लागते. भारताचा कायदा तर याबाबत अधिक कडक आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला इथे घर विकत घेता येत नाही.

भारतात राहणाऱ्याला परदेशात घर घेता येतं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे पाठवता येतात आणि कुटुंबीयांना आपापल्या मर्यादा एकत्र करता येतात. ते घर प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवणं मात्र सक्तीचं आहे, आणि शेंगेन व्हिसा घरमालकालाही चुकत नाही.

असा विचार मनात असेल, तर ज्या गावी घर घ्यायचं तिथे आधी जानेवारीत महिनाभर भाड्याने राहून पाहा. बंद दुकानं, ओल धरणाऱ्या भिंती, शेजार, दवाखान्याचं अंतर हे सगळं तेव्हाच कळतं. आणि बिल्डरने किंवा दलालाने सुचवलेला वकील घेऊ नका. स्वतः शोधलेल्या वकिलाने कागद पाहून होकार देईपर्यंत विसाराचा एक युरोही कुणाच्या हाती ठेवू नका.