क्लॅपवर लिहिलेलं नाव

शॉर्ट फिल्मच्या टीममध्ये सगळ्यात ज्युनियरच्या हातात काय येतं? क्लॅप! सीन आणि टेकचा नंबर लिहायचा, मोठ्याने सांगायचा आणि पटकन फ्रेमबाहेर व्हायचं. अमेरिकेतल्या सारा जोन्सच्या कामात हेही होतं. ती सेकंड असिस्टंट कॅमेरा होती, वय अवघं 27. 20 फेब्रुवारी 2014 रोजी जॉर्जिया राज्यात एका रेल्वे पुलावर शूटिंग करताना मालगाडीच्या धडकेत ती गेली.

सिनेमा होता 'मिडनाइट रायडर'. रुळांवर लोखंडी पलंग ठेवून स्वप्नातला सीन घ्यायचा होता. दोन गाड्या जातील, मग आपलं काम, असं युनिटला सांगितलेलं. दोन गेल्या. आणि तिसरी आली. पूल अरुंद, पळायला जागा नाही. पलंग रुळांवरून हटवेपर्यंत गाडी अंगावर आली. सारासोबतचे अनेक जण जखमी झाले.

चीड येते ती पुढचं वाचून. रेल्वे कंपनीने रुळांवर शूटिंग करायला लेखी नकार दिला होता. त्याच सकाळी नकाराचा ईमेल मिळालेला लोकेशन मॅनेजर सेटवर गेलाच नाही. पण पुलावर उभ्या असलेल्या अनेकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मोठ्यांनी परवानगी घेतलीच असेल, असंच आपणही धरून चालतो ना?

2015 मध्ये दिग्दर्शक रँडल मिलरने गुन्हा कबूल केला. त्याला 2 वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. सिनेमा कधीच पूर्ण झाला नाही. जगभरच्या युनिट्सनी मात्र आपापल्या क्लॅपवर साराचं नाव लिहून फोटो टाकले.

हे सगळं आपल्याला कशासाठी? शहापूर-मुरबाडच्या पोरांना ट्रेनचा शॉट हवा असेल तर आसनगाव, आटगाव, खर्डी हीच नावं आधी सुचतात. मागे डोंगर, पुढे रूळ, भारी फ्रेम! पण कसारा मार्गावर फक्त लोकल धावत नाहीत. मेल-एक्स्प्रेस असतात, मालगाड्या असतात. ॲपवर लोकलची वेळ दिसते, मालगाडीची नाही. म्हणजे आपली 'तिसरी गाडी' कधीही येऊ शकते.

विनापरवाना रुळांवर जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे: 6 महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शूटिंग करायचंच असेल तर मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे रीतसर अर्ज करावा लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी टीममध्ये तुम्ही सगळ्यात लहान असलात, तरी बिनधास्त विचारा, "दादा, परवानगीचं पत्र आहे का? दाखव ना." उत्तर "होईल रे, दोन मिनिटांचं काम आहे" असं आलं, तर क्लॅप खाली ठेवा आणि रुळांपासून लांब व्हा. फार तर एक शॉट कमी होईल.