उंबऱ्याशी अडलेले पाऊल

नाना उंबऱ्यापाशी आले की थबकायचे. पाय जणू जमिनीला चिकटलेले. ‘अहो नाना, उचला की पाय!’ असे मी कितीदा खेकसलो असेन. त्यांचे अक्षर बारीक होत गेले, तेही आम्ही वयावर ढकलले.

तो कंपवात निघाला. १८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी वर्णन केलेला. यात स्नायू धडधाकट असतात. बिघाड मेंदूत असतो. मध्यमेंदूतल्या काळसर पेशींचा पुंजका डोपामिन हे रसायन तयार करतो. त्या पेशी मरू लागल्या की हालचालीचा हुकूमच अडखळतो. हाताला कंप सुटतो, चेहरा निर्विकार होतो. (आम्हाला वाटे, नाना रुसलेत!) लेव्होडोपाच्या गोळ्यांनी ही उणीव बरीचशी भरून निघते. आपल्या खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य असते. मात्र ते मनाने घेण्याचे औषध नव्हे.

गंमत अशी, की जमिनीवर आडव्या रेघा दिसल्या की अडलेला पाय पुष्कळदा उचलला जातो. मेंदूला डोळ्यांवाटे दुसरी वाट सापडते. मी उंबऱ्याअलीकडे खडूने तीन रेघा ओढल्या. नानांनी एकेक ओलांडली, उंबराही ओलांडला.

‘पुसू नकोस रे त्या,’ एवढेच म्हणाले.